ऋतूच्या पोटातली पाहुणी

९ डिसेंबर, सोमवार

ऋतूच्या बाईंनी सांगितलंय, रोज दहा ओळी लिहायच्या. बिमारीत शाळा बुडाली, हात वळत न्हाई म्हणून. ही म्हणती, "आज्जी, तू बी लिही. न्हाईतर मी बी न्हाई." मग शिवशंकरनं मला जुनी डायरी काढून दिली आन दोघी बसलो समोरासमोर. ती पेन्सिल चावती, मी चष्मा पुसते.

माझी शाळा चौथीपर्यंत, माहेरी, औश्याजवळ. पाचवीच्या वक्ताला बापानं दोन म्हशी घेतल्या आन त्या राखायला मी सापडले. म्हशी गुणाच्या होत्या, त्यांचं काही म्हणणं न्हाई.

काय लिहावं? चांगलं लिहावं. माझी नात सात वरसांची झाली, दुसरीत बसती, गाल भरलेत, आन आज शाळेतून पळत आली. पळत! हे लेकरू जन्मलं तेच पिवळं. पित्ताची नळी बंद. पोट ढोलावानी, हातपाय काड्या. पहिलं आपरेशन काही वरसं पुरलं, मग डॉक्टर म्हणाले आता दुसऱ्याचं लिव्हर लागतंय. तिच्या मायचं, उज्वलाचं, रगत जुळंना. माझ्या लेकाचं, शिवशंकरचं जुळलं तर त्याच्या लिव्हरला चरबी निघाली. एवढा वाळका पोरगा, लाईटच्या खांबावर चढतो, आन आतमधून चरबी! माझं जुळलं. दोन वरसांखाली हैद्राबादला माझ्यातला तुकडा काढून तिला बसवला. दोघींच्या पोटावर इळ्यावानी वण हाय. ती म्हणती, "आज्जी, तुझा इळा ऊस तोडायचा, माझा गवत कापायचा."

मालक, ऋतूचे आप्पा, मुखेडकडं गावी राहतेत, शेतीपायी. मी इथं नांदेडला लेकाजवळ, ऋतूपायी. फोनवर म्हणतेत, "आर्धी बायको नांदेडला, आर्धी नातीच्या पोटात. मला काय ऱ्हायलं?" म्या म्हणलं, "म्हैस."

दहा ओळी कवाच झाल्या. ऋतूच्या चारच.

१२ डिसेंबर, गुरुवार

सकाळी उठल्या उठल्या ऋतूला दारात उभी करते. उजेडाकडं तोंड करायला लावते, खालची पापणी बोटानं वढते आन डोळा बघते. पांढरा हाय ना. ते बघितल्याबिगर मला चहा जात न्हाई. घरात पिवळं काही ठेवत न्हाई. उज्वलानं पिवळा पडदा आणला होता, म्या परत करायला लावला. झेंडू आणत न्हाई. पुढच्या गल्लीत हळदीचा मांडव पडला तवा खिडकी लावून बसले. लोकं म्हणत आसतील बाई येडी हाय. म्हणू देत.

अजून एक गोष्ट. ही कुणालाच सांगितली न्हाई. तो तुकडा माझाच हाय. तिकडं गेला म्हणून काय माझं ऐकायचं सोडंल? लेक नांदायला गेली तरी मायच्या घरी काही झालं की तिच्या जिवाला कळतंच. तसं मी काय खाते, कशी वागते, त्याला कळत आसणार. म्हणून आपरेशन झाल्यापासून म्या ठेचा सोडला. जिभेला लई आठवतो, पण सोडला. कुणावर वरडत न्हाई, राग आला की पाणी पिते. उन्हात बसत न्हाई, तुकडा तापंल म्हणून. ह्याच्यामुळंच तर ऋतूची तब्येत आशी लागली. उज्वला म्हणती गोळ्यांनी. गोळ्या हायतच की, सकाळी आठला आन रात्री आठला, मोबाईलमधी कोंबडा आरवतो. पण खालून कुणीतरी धरलेलं बी पाहिजे ना.

२१ डिसेंबर, शनिवार

ऋतूला खोकला. परत. शाळेत एक लेकरू शिंकलं की हिला ताप. तोंडाला पट्टी बांधून पाठवतो, पाणी उकळून देतो, तरी. खोकल्याचा आवाज आला की माझ्या हातातलं भांडं सुटतंय.

शाळेतल्या बाई म्हणल्या, "आज्जी, हिची प्रतिकारशक्तीच कमी आहे." म्या उज्वलाला म्हणलं, मग ती वाढवायची काही गोळी न्हाई का? उज्वला म्हणती, "आत्या, डॉक्टरनंच मुद्दाम कमी ठेवलीय. गोळ्या त्याच्याच हायत."

मुद्दाम? कोणता डॉक्टर लेकराची ताकद मुद्दाम कमी ठेवील? उज्वला शिकलेली हाय, झेरॉक्सच्या दुकानावर बसती, भराभरा फॉर्म भरती, पण तिच्या ऐकण्यात कायतरी घोळ झाला आसणार. म्या वाद घातला न्हाई. पाणी पिले.

३१ डिसेंबर, मंगळवार

काल येळवस झाली, येळ आमुशाची शेतातली पूजा. माझ्या भावाच्या, केरबाच्या शेतात गेलतो, औश्याला. ऋतूनं पहिल्यांदा बघितली. कडब्याची कोपी बघून म्हणती, "आज्जी, आपण हितंच ऱ्हाऊ." ज्वारी माझ्या डोक्याच्या वर गेलेली, हरभरा गुडघ्याएवढा. करडईला मात्र फुलं यायला लागलेली, पिवळी. मी तिला त्या बाजूला जाऊ दिलं न्हाई.

कोपीत पाच दगड मांडले, पूजा झाली, मग पंगत. सगळ्या भाज्यांची भज्जी, बाजरीचे वाफवलेले उंडे, आंबील, तिळाच्या पोळ्या. ऋतूचं जेवण उज्वलानं घरून आणलेलं, गरम डब्यात. आंबिलीचं मडकं बघून लेकरू लाळ गाळून ऱ्हायलं होतं. उज्वला न्हाई म्हणली. आंबलेलं, कच्चं पाणी. खरं हाय तिचं.

मी ठेचा घेईना म्हणून केरबा सगळ्यांपुढं म्हणला, "आक्का, नांदेडला जाऊन जीभ बी विकलीस का?" सगळे हसले. मग म्या खाल्ला. एक उंडा, वर ठेचा, वर तेल. दुसरा बी खाल्ला. काय सांगू, डोळ्यातून पाणी आलं, चवीनं का तिखटानं कळलं न्हाई. सगळा दिवस मन खात ऱ्हायलं. येताना गाडीत ऋतूच्या पोटावर हात ठेवून बसले. गरम लागत होतं का? उन्हानं आसंल.

केरबाला खोकल्याचं सांगितलं. तो म्हणला, "आक्का, तुला माहीत न्हाई व्हय? बांधावरच्या लिंबावर बघ." कडूलिंबावर गुळवेल चढलेली, मनगटाएवढी. "करोनात आमची अख्खी गल्ली हिचा काढा प्याली. एक माणूस आडवा झाला न्हाई. प्रतिकारशक्ती वाढवायची तर हिच्यासारखी दुसरी न्हाई." त्यानं हातभर तोडून दस्तीत बांधून दिली. आमच्या दारातल्या झाडापाल्यानं कुणाचं वाईट झालेलं म्या तरी बघितलं न्हाई.

४ जानेवारी, शनिवार

काढा सुरू केला. उज्वला दुकानावर गेली की ठेचून उकळते, गाळते, वर गुळाचा खडा. ऋतू तोंड वाकडं करती. म्हणून मी बी तिच्यासंगं पिते, एकाच तुकड्याच्या दोघी मालकिणी. ती म्हणती, "चिअर्स आज्जी." हे कुठं शिकली कोण जाणे.

उज्वलाला सांगितलं न्हाई. ती हर गोष्टीला हैद्राबादच्या सिस्टरला फोन लावती. उगं एवढ्याशा पाल्यापायी तिला कामून तरास द्यायचा.

१४ जानेवारी, मंगळवार

संक्रांत. खोकला गेला! पार गेला. ऋतूनं गल्लीत तीळगूळ वाटला, पट्टी बांधूनच, पण टणाटणा उड्या मारत. मालकाला फोन केला. ते म्हणले, "तुझ्या तुकड्यात दम हाय, बाई." मी लाजले की काय कोण जाणे, ऋतू म्हणती आज्जी तू लाल झाली.

लाल चांगलं. पिवळं न्हाई ना.

२१ जानेवारी, मंगळवार

काल उज्वला तिच्या मैत्रिणीकडं हळदीकुंकवाला गेली आन वाणाच्या गर्दीत आडकली. मोबाईल तिच्यासंगं, कोंबडा बी तिकडंच आरवला आसंल. रात्रीची गोळी द्यायला उशीर झाला. धापा टाकत आली बिचारी, चप्पल न काढता कपाट उघडलं. शिवशंकर लई बोलला. मला बी वाईट वाटलं, पण बरोबर हाय त्याचं, गोळीचा वक्त म्हणजे वक्त.

२८ जानेवारी, मंगळवार

परवा झेंड्याला ऋतूला लेझमीत उभं राहायचं होतं. दोन हात मारले आन खाली बसली. म्हणली पाय दुखतेत. डबा तसाच वापस येतोय. अंग खाजवती, पाठ, तळहात. म्या खोबरेल लावलं.

ऊन लागलं आसंल. ताकद कमी पडती. काढा वाढवलाय, सकाळी बी आन शाळेतून आल्यावर बी. आता केरबाकडून अजून वेल मागवावी लागणार.

पण मनात दुसरंच हाय. येळवशीचा ठेचा. दोन उंडे खाल्ले म्या. एक खाल्ला आसता तर?

२ फेब्रुवारी, रविवार

सकाळी दारात उभी केली. पापणी वढली. मला कळंना. सूर्य समोर, त्याचाच उजेड पिवळा. आत खिडकीत नेली. कळंना. मोरीपाशी नेली, तिथं अंधार. ऋतू म्हणली, "आज्जी, तू मला घरभर फिरवू नको, मला झोप येती." मग आरशात माझा डोळा बघितला, तिचा बघितला, माझा बघितला.

उज्वलाला हाक मारली. तिनं एकदाच बघितलं. ओल्या हातानंच फोन घेतला.

रविवार आसून शिवशंकर कुठूनतरी रगत घेणारा माणूस घेऊन आला. ऋतूनं हात आपणच पुढं केला. तिला सवय हाय. लेकराला आशी सवय कामून आसावी.

३ फेब्रुवारी, सोमवार

रिपोर्ट आला मोबाईलवर. मला आकडे कळत न्हाईत, उज्वलाचं तोंड कळतं. तिनं मोबाईल उलटा ठेवला.

हैद्राबादवाले म्हणले, ताबडतोब या. ऋतूनं दप्तर भरून ठेवलं, उद्या शाळा म्हणून. कुणीच तिला काढ म्हणलं न्हाई.

६ फेब्रुवारी, गुरुवार

हैद्राबाद. तोच दवाखाना, तोच वास. मागच्या बारीला इथं आले तवा मी आत होते, बेशुद्ध. तवा भीती कमी होती. आता बाहेर खुर्चीवर बसायचं हाय, आन ते लई आवघड हाय.

पोटात सुई घालून तुकड्याचा बारीकसा कण काढला, तपासायला. ऋतू वरडली. म्या माझ्या पोटावर, इळ्याच्या वणावर हात दाबून धरला. म्हणलं, धरून ऱ्हा. धरून ऱ्हा रे.

डॉक्टर जे म्हणले ते उज्वलानं सांगितलं. शरीर लिव्हरला बाहेर ढकलून ऱ्हायलंय. लवकर कळलंय म्हणून इलाज हाय. तीन दिवस जोराची औषधं शिरेतून. त्यानं थांबलं तर थांबलं. न्हाई थांबलं तर, ते तिनं सांगितलं न्हाई.

"गोळी चुकली होती का?" हे त्यांनी चारदा विचारलं म्हणं. शिवशंकर भिंतीकडं बघत म्हणला, "चुकली ना. हळदीकुंकवाला." उज्वला पदर तोंडात धरून उभी. तिची मान आशी खाली गेली की मला बघवलं न्हाई.

चूक माझी हाय. ठेच्याची. उद्या सांगणार.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

सगळं लिहिते. हात चालतोय तवर लिहिते.

इथं धम्मप्रिया म्हणून सिस्टर हाय, भोकरची पोरगी. उज्वला फोन लावती ती हीच. ह्या दवाखान्यात तीच एक आपल्या बोलीत बोलती. ऋतूच्या शिरेत औषध सुरू करून ती बाहेर आली, तिला म्या कोपऱ्यात धरलं. म्हणलं, "सिस्टर, माझ्या सुनेला बोल लावू नका. हे माझ्यानं झालं."

"काय झालं आज्जी?"

"येळवशीला म्या ठेचा खाल्ला. दोन उंड्यांसंगं. तुकड्याला झोंबला."

ती हसली. वाईट न्हाई हसली, लेकराला हसतेत तसं. "आज्जी, तुमचं पोट तुमचं, तिचं पोट तिचं. तुम्ही मिरचीची पोतं खाल्ली तरी तिला काही होत न्हाई."

"पण तुकडा माझा हाय."

"होता."

हा शब्द मला लागला. म्या म्हणलं, "आसं कसं म्हणता? दोन वरसं मी त्याच्यासाठी जीभ बांधून ठेवली. रागाला आले न्हाई. उलट म्या तर लेकराला रोज काढा बी देत होते. दोन बारी. माझ्या हातानं ठेचून."

सिस्टरचं हसणं थांबलं. "कशाचा काढा?"

"गुळवेलीचा. प्रतिकारशक्तीचा."

तिनं माझा दंड धरून मला खुर्चीवर बसवलं. "कवापासून?" म्या सांगितलं. "घरात कुणाला माहीत हाय?" म्हणलं न्हाई. ती आत गेली, मोठ्या डॉक्टरला घेऊन आली. ते इंग्रजीत बोलले. एक शब्द मला कळला, गिलोय. गुळवेलीलाच म्हणतेत, टीव्हीवर ऐकलाय.

मग डॉक्टर गेल्यावर ती माझ्यापाशी बसली. म्हणली, "आज्जी, गावात परका पाहुणा आला तर गल्लीतली कुत्री काय करतेत?"

"भुंकतेत. पायाला लागतेत."

"अंगात बी तशी कुत्री आसतेत. रोगावर भुंकणारी. ती चांगली, घराची राखण करणारी. पण त्यांला लिव्हर बी परकंच दिसतं. म्हणून गोळ्यांनी ती बांधून ठेवायची. बांधलेली कुत्री खोकल्यावर बी भुंकत न्हाईत, म्हणून हिला खोकला होतो. तो आम्ही सोसतो, त्याचा इलाज करतो. पण कुत्री सोडत न्हाई. तुम्ही त्यांला चारून दांडगं केलं."

"मुद्दाम," म्या म्हणलं. "उज्वला म्हणली होती, मुद्दाम कमी ठेवतेत."

"बरोबर सांगितलं होतं तिनं."

मला रडू आलं न्हाई. दुसरंच काहीतरी आलं. म्या म्हणलं, "पण सिस्टर, मी परकी कशी? मी आज्जी हाय तिची. तिच्या बापाला म्या दूध पाजलंय."

"तिच्या रक्ताला नातं कळत न्हाई, आज्जी."

"मग कवा कळंल? वरसभरानं? मोठी झाल्यावर?"

"कधीच न्हाई. गोळी जन्मभर."

ती म्हणली काढ्यानंच झालं आसं छातीठोक कुणी सांगणार न्हाई, उशिराच्या गोळीचं बी काही आसंल, पण आता घरात पाला, मुळी, चूर्ण, कुणी कितीबी चांगलं सांगो, तिला विचारल्याबिगर द्यायचं न्हाई. मी मान हलवत ऱ्हायले. मान माझी, पण हलवणारं दुसरंच कुणी.

८ फेब्रुवारी, शनिवार

दोघांला सांगितलं. बाकड्यावर बसवून सांगितलं, जसं लिहिलं तसं. शिवशंकर उठला, जिन्यापर्यंत गेला, परत आला, परत गेला. त्यानं उज्वलाकडं बघितलं न्हाई. बघायला पाहिजे होतं.

उज्वला म्हणली, "आत्या, मी ह्या भिंतीला डोकं लावून बसले होते, माझ्या हातानं लेकरू चाललं म्हणून."

म्या तिच्या पायाला हात लावायला वाकले. तिनं पाय मागं घेतले. "तसलं नका करू." आन मग हळूच, वरडून न्हाई, म्हणली, "तुम्ही तिला काही द्यायचं न्हाई आता. काहीच न्हाई. पाणी बी माझ्या हातानं."

हाव म्हणलं.

ऋतूला काचेतून बघितलं. तिनं हात हलवला. दुसऱ्या हाताला नळी.

९ फेब्रुवारी, रविवार

औषधाचा शेवटचा दिवस. उद्या रगत. काही खाल्लं न्हाई. ठेच्यानं काही होत न्हाई म्हणतेत तसं उपासानं बी काही होत नसंल, पण घास जात न्हाई.

मालक आलेत मुखेडहून. त्यांला बी सांगितलं. ते टोपी काढून बसले. मग म्हणले, "मला बी सांगितलं आसतंस तरी म्या दे म्हणलं आसतं." हे त्यांनी कामून म्हणलं कळलं न्हाई, पण तेवढ्यानं मला श्वास घेता आला.

मोठी भीती आशी हाय: हा तुकडा गेला तर माझ्यापाशी दुसरा द्यायला न्हाई. सिस्टरला विचारलं, "माझं परत वाढलंय म्हणता ना, अजून एक कापा." ती म्हणली एकाच माणसाचं दोनदा घेत न्हाईत.

१० फेब्रुवारी, सोमवार

आकडे खाली आले. थोडेच. पण खाली. उज्वलानं मोबाईल उलटा ठेवला न्हाई, आज सरळ ठेवला. एवढंच लिहिते.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

नांदेडला आलो. ऋतूचे गाल आता लईच फुगलेत, चंद्रावानी. पूर्वी मी नाचले आसते. आता मला माहीत हाय, ते जोराच्या औषधानं. भूक बी त्यानंच, चिडचिड बी त्यानंच. काल तिनं पाटी फेकून मारली आन मग आपणच रडली.

गोळ्या वाढल्या. आता आठवड्याला रगत. एक आकडा अजून जागेवर आला न्हाई. सिस्टर म्हणती येईल, न्हाई आला तर बघू. हे "बघू" घेऊन घरी आलोय.

उज्वला दुकानावर जात न्हाई. कपाटाला कुलूप हाय. मी भांडी घासते, धुणं धुते, ऋतूच्या केसाला हात लावते. पाणी मागितलं तिनं परवा, "आज्जी, पाणी." म्या उज्वलाला हाक मारली. ऋतू म्हणली, "माठ तर तुझ्या मागंच हाय." 

डोळा अजून बघते. उज्वला बी बघती आता माझ्यासंगं. दोघी वाकून. लेकरू म्हणतंय, "मी काय सिनेमा हाय का?"

केरबाचा फोन आला, वेल पाठवू का म्हणून. म्या सगळं सांगितलं. तो म्हणला, "आक्का, बांधावरून काढूनच टाकतो." म्या म्हणलं, "वेलीचा काय दोष? राहू दे. तुमच्या खोकल्याला चालती. आमच्या घरी पाहुणं हाय."

३० मार्च, रविवार

पाडवा. गुढी उभारली. गाठी घातली. कडूलिंबाचा पाला गुळासंगं वाटून सगळ्यांला द्यायचा आसतो, ते मला पहाटंच आठवलं. पाला बाजूला ठेवला आन धम्मप्रिया सिस्टरला फोन लावला, सणाच्या दिवशी, झोपेतून उठवलं बिचारीला. ती म्हणली, "ऋतूला नको आज्जी. तिला नुसती पुरणपोळी, ताजी. आन विचारलंत ते लई बरं केलं." झेंडूचा हार शिवशंकरनं आणला होता. म्या बघितला आन घातला गुढीला. पिवळा तर पिवळा.

उज्वला पुरण वाटत होती, दोन्ही हात कोपरापर्यंत भरलेले. मोबाईलमधी कोंबडा आरवला. तिनं हाताकडं बघितलं, कपाटाकडं बघितलं. मला वाटलं हात धुईल. ती म्हणली, "आत्या, किल्ली माझ्या कमरंला हाय. काढून घ्या. तिची गोळी द्या."

म्या ऐकलं पण उठता येईना. ती म्हणली, "आठ वाजलेत ना आत्या."

किल्ली काढताना माझा हात तिच्या कमरंला लागला. गोळ्या तिनं मला तोंडानं सांगितल्या, कोणती, किती. म्या त्या उजेडात धरून तिला दाखवल्या. पाण्याचा पेला भरला, उकळलेल्या पाण्याचा. ऋतूनं माझ्या हाताकडं बघितलं. "आज्जी, पेला काठोकाठ भरलास. सांडंल."

तिनं गोळी घेतली. मग आपल्या इळ्यावर हात ठेवून म्हणली, "आज्जी, सिस्टरताईनं मला सगळं सांगितलंय, ठेच्याचं बी. तुझा तुकडा माझ्याकडं पाहुणा हाय. माझ्या कुत्र्यांला कळत न्हाई तू कोण ते."

"हाव गं."

"मग गोळी म्हणजे आपण पाहुण्याला म्हणतो तसंच ना? आप्पा म्हणतेत ना गावाकडं, कुणी निघालं की. आजच्या दिवस ऱ्हावा की."

म्या हाव म्हणलं. पाहुण्याला रोजच म्हणावं लागतं. एक दिवस म्हणायचं विसरलं तर तो पिशवी उचलतो. त्याचं त्याला काही वाटत न्हाई, आपल्याला वाटतं. आता रात्री आठला परत म्हणायचं. उद्या परत. मी मेल्यावर बी तिला रोज म्हणावं लागणार.

जेवताना उज्वलानं माझ्या ताटात न विचारता ठेचा वाढला. म्या खाल्ला. ऋतू माझ्याकडं बघत होती. मग पोटावर हात ठेवून म्हणली, "झोंबला न्हाई बरं का."